कंत्राटदाराचा नफा आणि सरकारची उधारी

मार्च महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात महाराष्ट्रातील कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कार्यालयात डोकावून पाहावे. रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात. व्हरांड्यातील बाकांवर दहा-पंधरा माणसे बसलेली असतात. त्यांची कामे केव्हाच पूर्ण झालेली असतात, मोजमापे नोंदविलेली असतात, बिलांवर सह्याही झालेल्या असतात. प्रश्न एवढाच असतो, की निधी किती आला, तो कोणत्या लेखाशीर्षावर आला आणि त्यातून कोणाच्या वाट्याला काय येणार. चाळीस लाखांच्या बिलापोटी एखाद्याला सहा लाख मिळतात आणि तो ते मुकाट्याने घेऊन घरी जातो. कारण शेजारच्या बाकावरील माणसाला तेवढेही मिळालेले नसतात.

या माणसाविषयी समाजाला फारशी सहानुभूती नाही. 'कंत्राटदार' हा शब्द उच्चारला, की पहिल्या पावसात उखडलेला रस्ता, टक्केवारी आणि पुढाऱ्याच्या मागेपुढे धावणारी मोटार एवढेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. हे चित्र सर्वस्वी खोटे आहे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ते अपुरे आहे. शाळाखोल्या, मोऱ्या, पाण्याच्या टाक्या, गावरस्ते ही कामे करणारा बहुसंख्य कंत्राटदार हा लहान व्यावसायिक असतो. कोणी पदविका घेतलेला अभियंता असतो, कोणी गवंड्याचा मुलगा असतो, तर कोणी वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतून भांडवल उभे केलेला शिक्षकाचा किंवा लिपिकाचा मुलगा असतो. सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांची नोंदणी करून त्यांना कामे देण्याची योजना सरकारनेच आखली आहे. नोकरी मिळत नाही तर व्यवसाय करा, असा उपदेश ऐकून जो तरुण या क्षेत्रात उतरतो, त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न म्हणूनच मध्यमवर्गीय वाचकाच्या घरातला आहे.

हा व्यवसाय मुळात हलका नाही. महात्मा फुले स्वतः कंत्राटदार होते. खडकवासला धरणाच्या बांधकामाला साहित्य पुरविण्याचे काम त्यांनी केले होते. वालचंद हिराचंद यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेऊन उद्योगजीवनाचा प्रारंभ केला आणि त्या पायावर १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. असा वारसा असलेल्या व्यवसायात आज होतकरू माणसे का बुडतात, याचा विचार भावनेने नव्हे, तर हिशेबाने करावयास हवा.

नफा आणि रोकड

सामान्य समजूत अशी, की धंद्यात तोटा झाला म्हणजे धंदा बुडतो. बांधकामाच्या व्यवसायात मात्र नफ्यात असलेला माणूसही बुडतो, आणि बहुधा तसाच बुडतो. एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका कामाचे अंदाजपत्रक एक कोटी रुपयांचे आहे आणि कंत्राटदाराने ते दहा टक्के कमी दराने, म्हणजे ९० लाखांना घेतले. सर्व खर्च त्याने ८२ लाख धरला आहे. कागदावर नफा ८ लाख. आता बिल निघताना काय होते ते पाहावे. मालक एकटाच असेल तर आयकराची १ टक्का कपात, वस्तू व सेवा कराची २ टक्के कपात, कामगार कल्याण उपकर १ टक्का आणि सुरक्षा ठेव समजा ५ टक्के. एकूण ९ टक्के, म्हणजे ८ लाख १० हजार रुपये. संपूर्ण नफ्याहून अधिक रक्कम हातात येण्यापूर्वीच थांबली. यांपैकी आयकर आणि वस्तू व सेवा कराची कपात पुढे हिशेबात वजा मिळते, ठेवही दोषदायित्वाची मुदत संपल्यावर परत मिळते; परंतु सिमेंटवाला आणि पोलादाचा व्यापारी त्या मुदतीपर्यंत थांबत नाही.

एवढ्यावरही निभावता आले असते. पण समजा, उरलेल्या बिलांपैकी ६० लाख रुपये वर्षभर थकले. मालमत्ता गहाण टाकून बँकेकडून मिळायचे तेवढे कर्ज आधीच घेतलेले असते. म्हणून बाजारातून दरमहा दीड टक्का व्याजाने पैसा उचलावा लागतो. दरमहा ९० हजार, वर्षाला १० लाख ८० हजार. आठ लाखांचा नफा गेला आणि वर पावणेतीन लाखांहून अधिक खड्डा पडला. काम चांगले झाले, मोजमाप बरोबर होते, दरही मान्य होता. तरीही माणूस कर्जबाजारी झाला. त्यातच वस्तू व सेवा करासाठी बीजक निघाले, की पैसे हाती आले नसले तरी कर भरण्याची जबाबदारी उभी राहते. न मिळालेल्या पैशावर कर भरण्यासाठी पुन्हा कर्ज, असे हे चक्र आहे.

हा रोग केवळ लहानांचा नाही किंवा केवळ आपल्याच देशाचा नाही. ब्रिटनमधील कॅरिलियन ही बांधकाम क्षेत्रातील बलाढ्य कंपनी जानेवारी २०१८ मध्ये कोसळली, तेव्हा तिच्यावर सुमारे ७ अब्ज पौंडांची देणी होती आणि हाती रोकड अवघी २ कोटी ९० लाख पौंड. कमी दराने कामे घ्यायची, येईल त्या पैशातून जुनी देणी भागवायची आणि पुरवठादारांना १२० दिवस तिष्ठत ठेवायचे, हा तिचा रिवाज होता. सांगली-सोलापूरच्या तरुण कंत्राटदाराचा व्यवहारही अनेकदा याच वाटेने जातो. नव्या कामाची उचल जुन्या कामाच्या उधारीत जाते, नवे काम रखडते, ते रखडले म्हणून दंड बसतो, आणि दंड भरण्यासाठी तिसरे काम घेतले जाते.

कमी दराचा सापळा

मग माणूस परवडत नसलेल्या दराने काम घेतोच का? याचे एक उत्तर अर्थशास्त्राने दिले आहे. अमेरिकेतील एका तेल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी १९७१ साली समुद्रातील तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास मांडला. लिलाव जिंकणाऱ्या कंपन्यांना अपेक्षेहून फार कमी लाभ का होतो, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचे उत्तर असे, की अनेक जण एकाच वस्तूची किंमत अदमासाने ठरवितात, तेव्हा ज्याचा अंदाज सर्वाधिक चुकलेला असतो तोच जिंकण्याचा संभव मोठा. या प्रकाराला पुढे 'विजेत्याचा शाप' असे नाव पडले. निविदेत बोली उलट्या दिशेने जाते एवढाच फरक. आठ जणांत ज्याने खर्च सर्वांत कमी धरला, त्याने बहुधा काहीतरी विसरलेले असते. यंत्र बंद राहिल्याचे भाडे, सामानाची नासधूस, पावसाळ्यातील थांबलेले दिवस किंवा स्वतःच्या पैशावरील व्याज यांपैकी एखादी बाब त्याच्या हिशेबात आलेलीच नसते.

अनेक लहान कंत्राटदार स्वतःचा खर्च मोजून दर भरीत नाहीत. दुसरा किती भरील याचा अदमास घेऊन त्याखाली जातात. दरसूचीतील दर हाच खर्च, असेही कित्येक जण समजतात. अंदाजपत्रकापेक्षा फार खाली जाणाऱ्याकडून सरकार जादा अनामत घेते खरे. पण त्यामुळे कमी दराचा मोह सुटत नाही, फक्त आणखी थोडे भांडवल अडकून पडते.

त्यात बाजारभाव स्थिर नसतात. २०२१ आणि २०२२ या वर्षांत पोलादाचे भाव एवढे भडकले, की मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने पोलादावर निर्यात शुल्क बसविले. आधी दर भरून बसलेल्यांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही. सरकारी बांधकामांवरील वस्तू व सेवा कर जुलै २०२२ मध्ये १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला. वाळूचे धोरण तर वर्षा-दोन वर्षांनी बदलते. २०२३ साली शासकीय डेपोंतून ६०० रुपये ब्रास दराने वाळू देण्याचे ठरले; २०२५ साली ती पद्धतच मोडीत काढण्यात आली. मोठ्या कामांच्या करारांत भाववाढीचे कलम असते. अल्प मुदतीच्या कामांत ते बहुधा नसतेच. म्हणजे धोका झेलण्याची ताकद ज्याच्या अंगी सर्वांत कमी, त्याच्यावरच तो सर्वाधिक टाकला जातो.

न मोजलेले काम, न लिहिलेला शब्द

मराठवाड्यात आणि विदर्भात काळ्या जमिनीत पाया खणताना कठीण थर अंदाजपत्रकात दाखविलेल्या खोलीवर लागत नाही, हा नेहमीचा अनुभव आहे. साहेब येतात, पाहतात आणि म्हणतात, "आणखी पाच फूट जा, पुढे बघू." कंत्राटदार पाच फूट खाली जातो. पाया भरला जातो, माती लोटली जाते. सहा महिन्यांनी साहेबांची बदली होते. नवे साहेब मोजमाप पुस्तिका पाहतात. त्यात त्या पाच फुटांची नोंद नसते. गाडलेले काम पुन्हा उकरून दाखविता येत नाही आणि तोंडी आदेशाला न्यायालयात फारसे मोल नाही.

लहान कंत्राटदार पत्र लिहिण्यास बिचकतो. पत्र लिहिले तर साहेब रागावतील, पुढील काम मिळणार नाही, ही भीती त्याच्या मनात असते. म्हणून जागा वेळेवर ताब्यात मिळाली नाही, नकाशे उशिरा आले, विजेचे खांब हलविले गेले नाहीत, यांपैकी कशाचीच नोंद होत नाही. मुदत संपली, की विलंबाचा दोष मात्र त्याच्याच माथी येतो. पैशाच्या दाव्यासाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. 'आज देतो, उद्या देतो' ऐकण्यात ती केव्हा सरली हेही कित्येकांना कळत नाही.

मजुराची उचल

पैसा थकला की त्याचा भार शेवटी मजुरावर येतो. बांधकामावरील मजूर मुकादमामार्फत येतात आणि मुकादमाला हंगामाआधी उचल द्यावी लागते. पेरणीला मजूर गावी जातात. दसऱ्यानंतर बीड-अहिल्यानगरकडील अनेक कुटुंबे ऊसतोडणीला निघतात. परप्रांतीय कारागीर सणासाठी गेला तर महिनाभर परतत नाही. २०२० च्या टाळेबंदीत हजारो मजूर पायी गावी निघाले, तेव्हा त्यांतील कित्येकांची मजुरी कोणाच्या ना कोणाच्या बिलात अडकलेली होती. ज्याची मजुरी वेळेवर मिळते तोच मुकादम पुढच्या वर्षी माणसे घेऊन येतो. ज्याने एकदा बुडविले त्याच्याकडे कसलेला गवंडी फिरकत नाही. मग नवख्यांकडून काम, त्यातून वाकड्या भिंती, आणि त्यातून पुन्हा बिलाला हरकत.

अदृश्य कर्ज

आता प्रश्नाच्या मुळाशी जावयास हवे. सरकार पैसे का थकविते? अप्रामाणिकपणामुळे, असे सोपे उत्तर देऊन भागणार नाही. तिजोरीत पैसा असतो त्यापेक्षा कितीतरी अधिक कामांना मंजुरी दिली जाते. अर्थसंकल्पात नाममात्र तरतूद करून काम धरावयाचे, नारळ फोडावयाचा, आणि पुढील रक्कम पुरवणी मागणीवर सोडावयाची, ही रीत सर्वपक्षीय आहे. दहा कामांच्या पैशात तीस कामे सुरू होतात. तीसही अर्धवट राहतात आणि तीस कंत्राटदार बाकावर येऊन बसतात.

आपल्या सरकारांचे हिशेब रोख पद्धतीने ठेवले जातात. पैसा तिजोरीतून बाहेर पडेल तेव्हाच खर्च मांडला जातो. काम झाले, बिल मंजूर झाले, पण रक्कम दिली नाही, तर ते देणे त्या वर्षीच्या तुटीत दिसत नाही. बँकेकडून वा रोख्यांतून काढलेल्या कर्जाची विधिमंडळात चर्चा होते. कंत्राटदाराकडून घेतलेल्या बिनव्याजी उधारीची होत नाही. २०२५ च्या प्रारंभी राज्यातील कंत्राटदार संघटनांनी ही थकबाकी सुमारे ८९ हजार कोटी रुपये असल्याचे सांगितले आणि कामे बंद ठेवण्याचा पवित्रा घेतला. आकड्याविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु राज्याचे एवढे मोठे देणे किती, हे संघटनांच्या पत्रकातून कळावे आणि अर्थसंकल्पातून कळू नये, हीच मुळात विपरीत गोष्ट आहे.

ही उधारी फुकटची नसते. पैसे दोन वर्षांनी मिळणार हे ठाऊक झाले, की जाणता कंत्राटदार व्याज आधीच दरात मिळवितो किंवा निविदाच भरीत नाही. मागे उरतात ते दोन प्रकारचे लोक. ज्यांना पैसे काढून घेण्याचे मार्ग ठाऊक आहेत ते, आणि ज्यांना काहीच ठाऊक नाही ते. पहिल्यांमुळे टक्केवारी वाढते, दुसऱ्यांमुळे कामे अर्धवट पडतात. बिल हा हक्क न राहता मेहेरबानी झाली, की मेहेरबानीची किंमत आपोआप ठरते. टक्केवारीचा निषेध करणाऱ्यांनी थकलेल्या बिलांकडे म्हणूनच अधिक लक्ष द्यावयास हवे.

उपाय कोणते?

काही उपाय कंत्राटदाराच्या स्वतःच्या हातात आहेत. पहिला, प्रत्येक कामाचा हिशेब स्वतंत्र ठेवणे. सर्व कामांचा पैसा एकाच खात्यात आणि एकाच खिशात असला, की कोणते काम पोसते आणि कोणते खाते हे कधीच कळत नाही. दोन-तीन कामांचा खरा खर्च वहीत उतरला, की पुढील निविदेचा दर त्या वहीतून निघतो, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून नव्हे. दुसरा, निविदा भरण्यापूर्वी त्या कामाला अर्थसंकल्पात प्रत्यक्ष तरतूद किती आहे याची चौकशी करणे, आणि आपल्या भांडवलाला झेपतील एवढीच कामे हाती घेणे. बिल सहा महिने आले नाही तरी मजुरी आणि सामानाचे पैसे देता येतील काय, हा प्रश्न प्रत्येक कामाआधी विचारावा. उत्तर 'नाही' असेल तर ते काम दुसऱ्याला लखलाभ होवो. सर्व कामे एकाच खात्याची न घेता काही खाजगी कामे ठेवणे हेही त्याच शहाणपणाचा भाग आहे.

तिसरा उपाय कागदाचा. रोजची कामाची डायरी, गाडल्या जाणाऱ्या प्रत्येक भागाचे तारखेसह छायाचित्र, आणि तोंडी आदेश मिळाला, की त्याच दिवशी 'आपल्या सूचनेप्रमाणे अमुक काम करीत आहोत' असे चार ओळींचे नम्र पत्र. नम्र पत्राने कोणी रागावत नाही, आणि रागावलेच तर असे काम न मिळाल्याने फारसे नुकसान नाही. भागीदारांनी एकत्र येऊन एक जाणता हिशेबनीस आणि एक वकील नेमला, तर एकेकट्याला न परवडणारी गोष्ट साध्य होते.

परंतु सारा दोष कंत्राटदाराच्या वहीत शोधणे हा अन्याय ठरेल. लहान उद्योगांची देणी ४५ दिवसांत द्यावीत, न दिल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे, असा कायदा २००६ पासून आहे. परंतु श्रम आणि सामान एकत्र असलेले बांधकामाचे कंत्राट या कायद्यात बसत नाही, असा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाने लावला. १ एप्रिल २०२४ पासून लहान उद्योगांचे पैसे मुदतीत न देणाऱ्याला आयकरात त्या खर्चाची वजावट नाकारण्याची तरतूद आली. खाजगी कंपनीला तिचा धाक आहे. सरकार आयकर भरीत नाही, त्यामुळे सर्वांत मोठा थकबाकीदार तिच्या कक्षेबाहेरच राहिला. बांधकामाच्या कंत्राटांचा २००६ च्या कायद्यात स्पष्ट शब्दांत समावेश करणे, ही संसदेने करावयाची पहिली दुरुस्ती होय.

केंद्रीय अर्थमंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये एक चांगली सूचना काढली. चालू बिलाची किमान ७५ टक्के रक्कम १० कामकाजी दिवसांत द्यावी आणि उरलेली छाननीनंतर २८ कामकाजी दिवसांत द्यावी. हाच नियम राज्याच्या खात्यांना, जिल्हा परिषदांना आणि नगरपालिकांना बंधनकारक करावयास काय हरकत आहे? ब्रिटनने १९९६ साली कायदा करून बांधकामातील तंट्यांवर तटस्थ निर्णायकाने २८ दिवसांत निर्णय द्यावा अशी व्यवस्था केली; सिंगापूरने २००४ साली याच धर्तीचा कायदा केला. निर्णय आधी पाळावयाचा, वाद पुढे चालवावयाचा, असे हे सूत्र आहे. आपल्याकडे वाद आधी दहा वर्षे चालतो. तोवर एक पक्ष संपून गेलेला असतो.

याहून साधी आणि बिनखर्चाची एक सुधारणा आजही करता येईल. निधीची खात्री नसताना कार्यारंभ आदेश देऊ नये; आणि दरवर्षी अर्थसंकल्पासोबत मंजूर होऊन थकलेल्या बिलांची खातेनिहाय, जिल्हानिहाय यादी विधिमंडळापुढे ठेवावी. बिले आली त्या क्रमाने पैसे द्यावेत आणि तो क्रम कोणालाही पाहता यावा. क्रम उघड झाला, की मधल्या मध्ये फाईल पुढे सरकविण्याचा बाजार बराच थंडावेल. कार्यालयातील प्रामाणिक लिपिकालाही त्याने बळच मिळेल. आज त्याच्याकडे पाहून 'याच्याच टेबलावर अडले आहे' असे म्हणणाऱ्याला दाखवावयास त्याच्याजवळ काहीच नसते.

गावातील शाळेच्या दोन खोल्या छतापर्यंत येऊन थांबल्या असतील, मुले देवळात बसत असतील, तर लोक कंत्राटदाराला दोष देऊन मोकळे होतात. त्या खोल्यांचे पहिले बिल केव्हा सादर झाले आणि त्यापोटी किती रक्कम मिळाली, ही दोन उत्तरे ग्रामसभेत एकदा मागून पाहावीत. दोष कंत्राटदाराचा असेल तर तो उघड होईल. आणि नसेल, तर पुढील मार्चमध्ये त्या व्हरांड्यातील एक माणूस तरी बाकावरून उठून आपल्या कामावर परत जाऊ शकेल.